शेजारच्या डोळ्याचा हेवा

मी निघोजे गावच्या ज्योतीरामचा डावा डोळा बोलतोय. काचेचा आहे मी. मला दिसत काहीच नाही, पण शेजारच्या उजव्या डोळ्याचं कौतुक मात्र रोज ऐकावं लागतं.

पुण्याच्या एका चष्म्याच्या दुकानातून मी त्रेपन्न साली ज्योतीरामच्या खोबणीत आलो. आधी तिथं जिता डोळा होता. कुंपण घालताना त्यात बाभळीचा काटा घुसला. त्याच्या आईनं, सुभद्राबाईंनी, शेवग्याचा पाला पिळला. "हुईल बरा," म्हणाल्या. डोळा पिकला, आणि पुण्याला नेल्यावर काढूनच टाकावा लागला.

धाकटा भाऊ दत्तोबा पिंपरीच्या कारखान्यात होता. पुढच्याच वर्षी त्याच्या डोळ्यात लोखंडाची कपची उडाली. साहेबांनी मोटारीत घालून लगोलग इस्पितळात नेलं. डोळा वाचला. तेव्हापासून दत्तोबा सणाला घरी आला, की ज्योतीराम तोंड फिरवायचा.

"तुज्या डोळ्याला मोटार, माज्या डोळ्याला पाला!"

तो भावावर जळायचा, मी उजव्यावर. त्याची बायको गोजाबाई बोलायची ती उजव्याकडं बघून. लेक माझ्या बाजूला यायला भ्यायची. वाटायचं, या उजव्याचंही एकदा वाटोळं होऊ दे!

आणि गव्हाच्या मळणीत त्याच्यात कुसळ रुतलं. ज्योतीराम किंचाळून खाली बसला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सुभद्राबाई शेवग्याकडं धावल्या.

गोजाबाई आडवी आली. "आत्याबाई, न्हाई! एक डोळा त्या पाल्यानं गेला. ह्याला हात लावू द्यायची न्हाई मी. कुणीतरी गाडी जुंपा!"

बैलगाडीनं मोशी, तिथून एसटीनं पुणं. उजव्यावर फडकं बांधलेलं, उघडा फक्त मी.

"गोजा, दिस मावळला का गं?" ज्योतीरामनं विचारलं.

"न्हाई वो. ऊन हाय डोक्यावर."

त्यानं तिचा हात घट्ट धरला. पहिल्यांदाच सगळं माझ्यावर आलं होतं, आणि मला त्याला साधं ऊन दाखवता येत नव्हतं.

डॉक्टरांनी कुसळ काढलं. "वेळेवर आणलंत," म्हणाले. पट्टी सुटली तेव्हा निरोप मिळताच पिंपरीहून आलेला दत्तोबा समोर उभा होता. ज्योतीराम त्याच्याकडं बघतच राहिला.

"किती वाळलायस रं," म्हणाला, आणि त्याला जवळ ओढलं.

भावाभावांचं मिटलं. माझी जळजळ तशीच आहे. गोजाबाई अजूनही सकाळी पदरानं आधी उजव्यालाच पुसते.

पण तुमच्या घरी कुणाच्या डोळ्याला लागलं, तर इलाज करत घरी बसू नका, तडक दवाखाना गाठा. माझ्यासारखा डोळा बसवून मिळतो, बाबांनो. पण त्याच्याकडं बघून कुणी बोलत नाही.