कपाट घेऊन निघालेली हौसेची होडी

बरंकाकांचं खरं नाव गल्लीत आता कुणाला सांगताच आलं नसतं. कुणी काहीही मागितलं की हे 'बरं' म्हणणार, म्हणून बरंकाका. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, तेव्हा दांडीचा ढिला स्क्रू ते फुकट आवळून द्यायचे, वर काच पुसायला कापडही द्यायचे. असल्या भिडस्त माणसाचं दुकान चाललं, ते केवळ गल्ल्यावर काकू बसायच्या म्हणून. नाही म्हणायचं खातं पहिल्यापासून त्यांच्याकडे.

म्हातारपणी दुकान विकलं आणि काकांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी घेतलं. होडी! निळीशार, मागे मोटार लावलेली, बसायला गुबगुबीत बाकं. "तुला पार दीपगृहापर्यंत फिरवून आणतो बघ," असं ते काकूंना म्हणाले. काकू वरवर म्हणाल्या, "या वयात कसली मेली हौस!" पण दुसऱ्या दिवशी हळूच बाजारात जाऊन रुंद काठाची टोपी घेऊन आल्या. पाण्यावर ऊन फार लागतं म्हणे.

ती टोपी अजून खोक्यातच होती. कारण होडी आली नाही तोच शेजारचा सुतार हजर. "काका, खाडीच्या पलीकडच्या काठावर तेवढं एक कपाट सोडता का?" काका म्हणाले, "बरं." झालं! मग कुणाच्या गाद्या गेल्या, कुणाचा फ्रिज गेला. एका सासूबाईंचं कपाट रंग पसंत पडला नाही म्हणून उलटपावली परत आलं, तेही काकांनीच आणलं. पैशाचं नाव काढायचं नाही. आणि रोज संध्याकाळी काकूंना एकच उत्तर, "आज राहिलं गं. उद्या नक्की." या 'उद्या नक्की'चा काकूंना इतका वीट आला होता की त्यांनी दीपगृहाचा विषयच सोडून दिला होता.

अशात बंदराच्या कचेरीतून सूचना आली, खासगी होड्यांची नोंदणी करून घ्या. दोघं गेली. खरेदीच्या वेळी कर भरल्याची पावती होती, विकणाऱ्याचा दाखला होता, सगळं काकूंनी नीट लावून ठेवलेलं. होडीचे फोटो तेवढे काकांनी काढून आणले होते. तिथेच घात झाला.

नोंदणीवाल्या बाईंचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. तो वर ढकलत त्यांनी पहिला फोटो पाहिला.

"हे काय आहे?"

"होडी," काका म्हणाले.

"होडीत काय आहे ते विचारतेय मी."

काकूंनी वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. होडीच्या मधोमध तीन दारांचं कपाट उभं होतं. त्याला आरसा होता, आणि आरशात फोटो काढताना एक डोळा मिटलेले काका होते. दुसरा फोटो दुसऱ्या बाजूने होता. त्यात तेच कपाट पाठमोरं.

"अहो, फोटोपुरतं तरी उतरवून ठेवायचं!"

"सुताराला घाई होती गं."

बाईंनी फोटो खाली ठेवले. "हे बघा, तुम्ही भरलाय तो हौसेच्या होडीचा कर. होडी हौसेची असेल तर तो पुरे आहे. पण मला ही मालवाहू दिसतेय. मालवाहू होडीला धंद्याचा कर आणि धंद्याचा परवाना लागतो, दरवर्षी."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. दरवर्षीचा तो खर्च झेपणारा नव्हता. होडी विकावी लागणार, हे दोघांनाही तिथल्या तिथे कळलं. घाबरले की काकांचे हात आपोआप कामाला लागायचे. त्यांनी खिशातून चिमुकला पेचकस काढला. "बाई, तुमच्या डाव्या दांडीचा स्क्रू ढिला झालाय. द्या इकडे, एका मिनिटात आवळतो."

"खबरदार!" बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. "तुमचा अर्ज टेबलावर असताना मी तुमच्याकडून काहीही फुकट करून घेणार नाही." चष्मा पुन्हा नाकाच्या शेंड्यावर. मग त्या काकूंकडे वळल्या. "तुम्ही सांगा. हौस म्हणून या होडीतून शेवटचं कधी फिरलात?"

'परवाच' असं ठोकून दिलं असतं तर काम भागलं असतं. काका तर डोळ्यांनी अगदी गयावया करत होते. पण काकूंच्या मनात इतकं साचलं होतं की खोटं बोलायला तिथे जागाच उरली नव्हती.

"एकदाही नाही," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या! अहो, हा माणूस पैसे घेत असता तर मी म्हटलं असतं, बरं बाबा, धंदा करतोय. एक पैसा घेत नाही! लोकांची ओझी वाहायची, हीच यांची हौस. मी यांच्याबरोबर फिरायला म्हणून टोपी आणली हो. वेड्यासारखी. ती अजून..." रडू आलंच, आणि आलं म्हणून स्वतःचाच रागही आला. काका खाली मान घालून पेचकस नुसता फिरवत राहिले. त्यांना टोपीचं काही माहीतच नव्हतं.

बाईंनी फोटो अर्जाला टाचले. मग म्हणाल्या, "फुकट नेलं तर तो धंदा नव्हे, हे खरं. पण मला डोळ्यांनी दिसल्याशिवाय तसं लिहिता येणार नाही. संध्याकाळी धक्क्यावर येते. तुम्ही दोघं फिरायला निघालेली दिसलात तर हौसेची. आत एक खोकं जरी दिसलं तर मालवाहू. मग माझ्याकडे येऊ नका."

संध्याकाळी काकू टोपी घालून बाकावर बसल्या. होडी लखलखीत पुसलेली. बाई शिक्का घेऊन धक्क्यावर उभ्या. काका दोर सोडणार, इतक्यात डोक्यावर टेबल उलटं घेतलेला सुतार धापा टाकत आला.

"काका! बरं झालं सापडलात. तेवढं टेबल पलीकडे सोडा ना, गिऱ्हाईक ताटकळतंय."

बाईंनी चष्मा वर ढकलला.

काकांचे ओठ 'ब' म्हणायला मिटलेले काकूंना स्पष्ट दिसले. इतकी वर्षं ते ओठ त्या बघत आल्या होत्या. 'नाही' काकूंच्या अगदी जिभेवर आलं होतं, दुकानात यायचं तसंच. त्यांनी ते गिळलं. आपण बोललो तर होडी वाचेल, पण मग आपल्याला त्या दीपगृहाला जायचंच नाही. त्या दोन्ही हातांनी टोपीचा काठ धरून बसून राहिल्या.

"ब..." काका म्हणाले. घाम पुसला. "नाही जमणार रे."

सुताराने मागे वळून पाहिलं, दुसरंच कुणी बोललं की काय म्हणून. "काका, अहो जागाच जागा आहे की!"

"नाही. बायको बसलीय. जागा नाही."

एवढं बोलून त्यांनी दोर सोडला. मोटार चटकन सुरू होईना, पण होडी सुटली. धक्क्यावर बाई सुताराला म्हणाल्या, "ते टेबल जरा ठेवा इथे," आणि त्यावरच कागद पसरून त्यांनी शिक्का हाणला.

"हौसेची!" त्या ओरडल्या. "आणि टेबल डुगडुगतंय हो!"

"बाई, आता चष्मा आवळून देतो!" काका होडीतून ओरडले.

"आधी फिरून या!"

काठ मागे पडला. काकू समोर बघत होत्या. डोळे भरून आले होते, पण टोपीखाली ते कुणाला दिसत नव्हते. काकांचं मात्र सारखं मागे वळून बघणं चाललेलं.

"टोपी छान दिसते तुला," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, चाचरत, "बिचारा उभाच आहे गं अजून. त्याचं टेबल नेऊ या ना?"

"नेऊ की," काकू म्हणाल्या. "उद्या नक्की."