उपासाच्या दिवशी येणारी कडूबाई

पोरांनो, अशी एक दुपार डोळ्यांपुढं आणा. पालमकडचं माळरान, मेंढरं चरायला गेलेली, आणि घरात म्हातारी कासाबाई घोंगडीवर उताणी पडलेली. तिच्या छातीत आग उठली आहे. चुलीच्या कोपऱ्याकडं बघत ती पुटपुटते आहे, "आली. कडू आली."

कडूबाई म्हणजे तिची थोरली जाऊ. त्याच चुलीवर पदर पेटून ती गेली होती. तेव्हापासून दिवस कलला की त्या कोपऱ्यात कुणी एकटं बसत नसे.

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीचे दिवस. पालमची एस.टी. बंद, दवाखाना दूर. कासाबाईचे गुडघे धरले, म्हणून नागनाथ दुकानदारानं ठणक्याच्या गोळ्यांची पुडी दिली होती. गुडघे मोकळे झाले, पण मंगळवारी आणि शुक्रवारी छाती पेटायची, घशाशी आंबट यायचं.

भूतबाधा उतरवणाऱ्या देवर्षी येडबानं चूल न्याहाळून सांगितलं, "कडूच हाय. छातीवर बसायलीय. शुक्रवारी बिब्ब्याचा डाग द्यावा लागंल."

"द्या," कासाबाई म्हणाली. "ती जळाली तवा मी पाण्याला गेल्ते. माझ्यावरच राग हाय तिचा."

शुक्रवारी येडबानं दिवा लावला, बिब्ब्यात सुई टोचून तो तापवायला दिव्यावर धरला. कासाबाईची नात भिवरा उंबऱ्यात उभी होती.

"आजी, कडूआजी बुधवारी का येत न्हाई?"

"मंगळवार-शुक्रवार देवीचे वार," येडबा म्हणाला. "त्याच वारी असलं उठतंय."

"पण त्या वारी आजीचा उपास असतोय. उपाशीपोटी गोळी कोरडीच गिळती आन् लगेच आडवी होती. बाकीच्या दिवशी भाकर खाऊन, तांब्याभर पाण्यानं घेती. तवा कुणी येत न्हाई."

येडबा हसला. "रायभान, तुझी लेक दाक्तरीण झाली की रं. मेंढरं आता कोण राखणार?"

रायभान, भिवराचा बाप, हसला नाही. त्यानं पुडी उचलून पाहिली. "आई, आज डाग नगं. एस.टी. सुरू झाली की ह्या गोळ्या दाक्तरला दावू. तवर गोळीबी नगं."

"आन् ती कडूच असली तर?" कासाबाईनं विचारलं.

चुलीतली राख आपोआप खचली. बिब्ब्याचं तेल दिव्यावर चरचरलं, तसं येडबानं सांगितलं, "पदर सार, कासाबाई."

म्हातारीचा हात पदराकडं गेला.

भिवरा चुलीच्या त्याच कोपऱ्यात गेली. टोपल्यातली भाकर काढून तिनं दुधात कुस्करली. मग आजीचा पदरावरचा हात धरून तिला उठवून बसवलं, आणि पहिला घास तिच्या ओठांशी नेला.