काल्योसाठी ठेवलेली खरवड

तळणाऱ्या बाईने बसायचं नाही. पहिला गरम तुकडा घरच्या कर्त्या पुरुषाचा, मग पाहुण्यांचा, आणि बाई शेवटपर्यंत उभी. का, ते विचारायचं नाही. ग्रीसमधल्या नाक्सोस बेटावरच्या डोंगरातल्या आमच्या घरात हा नियम माझ्याही आधीपासूनचा आहे, आणि मी इथे येऊन सत्तावन्न वर्षं झाली.

मी बोलतेय, दोन कानांची छोटी पसरट कढई. बाहेरून तांब्याची, आतून कल्हई केलेली. मला सागानाकी म्हणतात, आणि माझ्यात तळलेल्या चीजलाही सागानाकीच म्हणतात. भांड्याचं नाव पदार्थाला मिळालं. तळणारीचं नाव मात्र कुणी घेत नाही, म्हणून मी घेते. तिचं नाव काल्यो.

काल्यो लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिच्या आईने मला चादरीत गुंडाळून सोबत दिलं. ती एकोणीस वर्षांची होती. मी इतकी लखलखीत होते की माझ्यात बघून ती केस सारखे करायची. तिच्या नवऱ्याचे, त्रिफोनचे, द्राक्षमळे होते, थोड्या मेंढ्या होत्या आणि पाहुणे तर रोजचेच होते.

माझ्यात एका वेळी एकच तुकडा मावतो. बोटभर जाडीचा. तो थंड पाण्याखाली धरायचा, ओला असतानाच पिठात घोळवायचा, जास्तीचं पीठ झटकायचं आणि तेल चांगलं तापलं की सोडायचा. मग हात आवरायचा. कडा सोनेरी होईपर्यंत त्याला डिवचायचं नाही. एकदाच उलटायचा, वर लिंबू पिळायचं आणि जीभ भाजेल असा खायचा. गार झाला की तो चपलेच्या तळव्यासारखा होतो. म्हणजे दहा पाहुणे असले तर काल्यो दहादा तळणार, मला दोन्ही कानांना धरून दहादा बाहेर नेणार, आणि तिच्यासाठी गरम असं काही उरणारच नाही.

त्यात बाहेरून हाका. "अगं, झालं का? की मेंढी शोधायला गेलीस?" मग सगळे हसायचे. ती घाबरून तुकडा लवकर उलटायची आणि थोडी कुरकुरीत खरवड माझ्या तळाला चिकटून राहायची. पाहुणे गेले की काल्यो मला मांडीवर घेऊन बोथट सुरीने ती खरवडायची. गार, तेलकट, पीठ लागलेली. तेवढंच तिचं सागानाकी.

हे काही वर्षं बघितल्यावर मला राग आला, तो अजून उतरलेला नाही. मी ठरवलं, घाई असो नसो, दर तुकड्यातलं थोडं धरून ठेवायचं. पुरुषांच्या ताटातलं काढून तिच्यासाठी ठेवायचं. याला चोरी म्हणायचं असेल तर म्हणा.

"हे भांडं चिकटतं," त्रिफोन म्हणायचा. दरवर्षी कल्हईवाला यायचा, मला उलटसुलट करून बघायचा आणि म्हणायचा, "कल्हई तर चांगली आहे, काकू. चिकटतं कसं, कळत नाही." काल्यो त्याला पैसे देऊन वाटेला लावायची.

आमच्याकडे रांधणारीला म्हणतात, "तुझ्या हातांना आयुष्य लाभो." तोंडात घास कोंबून म्हणतात. त्या हातांची बोटं आता सांध्यांशी सुजली आहेत. गेले दोन हिवाळे ती मला उचलते तेव्हा माझ्यातलं तेल थरथरतं. हातांना आयुष्य मागणाऱ्यांपैकी एकानेही ते हात कधी बघितले नाहीत.

यंदा एक फेब्रुवारीला संत त्रिफोनचा दिवस, म्हणजे त्रिफोनच्या नावाचा सण. त्या दिवशी आमंत्रण लागत नाही. दार उघडं असतं, लोक येतात, "खूप वर्षं जगा" म्हणतात आणि खायला बसतात. नात पोपीही आली होती. दुधाचं शास्त्र शिकायला ती दूर इओआनिना शहरात असते. आजीचंच नाव तिला ठेवलंय, कालिओपी. आजीची झाली काल्यो, नातीची पोपी.

त्रिफोनचा धाकटा भाऊ फ्रांगिस्कोस एक खोकं घेऊन आला. आत काळी, गुळगुळीत, नवी कढई.

"हिला काहीच चिकटत नाही, दादा. फुंकर मारली तरी चीज सरकतं."

"बरं केलंस," त्रिफोन म्हणाला. "उद्यापासून हीच वापरायची. ती तांब्याची टांगा भिंतीवर, शोभेला. आणि पोपे, आजीच्या हातून सांडायला लागलंय. आजपासून तळायचं तू."

कुणीही काल्योला विचारलं नाही. मी चुलीवर तापत होते, पण त्याआधीच आतून पेटले होते. उद्यापासून त्या काळ्या कढईला काही चिकटणार नाही. मग ही बाई खरवडणार काय?

काल्यो पोपीला म्हणाली, "ये, दाखवते. त्यांना ताटकळत ठेवायचं नाही, बघ."

पोपीने तुकडा पिठात घोळवून माझ्यात सोडला. "आजी, तू गरम कधी खाल्लंस?"

"मला कुठे आवडतं गरम? मला खालचं आवडतं, खरवड."

सत्तावन्न वर्षं ती हे खोटं बोलत आली होती, आणि आता तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता. पोपीने तिच्याकडे बघितलं, मग मांडणीवरच्या बोथट सुरीकडे बघितलं.

"अगं, झालं का?" बाहेरून फ्रांगिस्कोस.

"झालं की येईल, काका-आजोबा. घाई केली की चिकटतं. भांड्याचा दोष नाही, तुमच्या हाकांचा आहे."

अर्धं खरं होतं ते. उरलेलं अर्धं मी तिला सांगू शकत नव्हते.

तिने वाट बघितली. कडा सोनेरी झाल्या, तिने तुकडा एकदाच उलटला, लिंबू पिळलं. मग मला फडक्याने धरून, आजीचा दंड पकडून ती बाहेर आली. एका खुर्चीवर फ्रांगिस्कोसची टोपी बसली होती. पोपीने ती उचलून पिंपावर ठेवली, आजीला तिथे बसवलं आणि मला आजीच्या पुढ्यात ठेवलं.

"इकडे, पोरी," त्रिफोन हसत म्हणाला. "शहरात राहून घर विसरलीस का? पहिला माझा. आज तर माझा सण."

"नाही, आजोबा."

"नाही म्हणजे? नियम आहे."

"कुणी केला?"

"पूर्वीपासून आहे."

"मग तो कुणीतरी बसून केला असणार. उभ्या राहणारीने नाही."

काल्यो उठायला लागली. "असू दे गं, मला खरंच खरवडच..."

"आजी, बस." पोपीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ती नवी कढई तुम्ही ठेवा, आजोबा. तळा तुम्हीच. मी उभी राहून तुम्हाला वाढणार नाही. आज नाही, पुढच्या सणालाही नाही. आणि आजीही वाढणार नाही."

त्रिफोनने भावाकडे बघितलं. फ्रांगिस्कोसने टोपीकडे बघितलं.

काल्योच्या सुजलेल्या बोटांनी कोपरा तोडला. पांढरी तार निघाली. तिने घास तोंडात घातला, डोळे मिटले, म्हणाली, "भाजलं." पण घास बाहेर काढला नाही. दुसरा तोडला. मग तिसरा.

माझ्या तेलाचा तडतड आवाज हळूहळू थांबला.

तिने शेवटचा तुकडा उचलला तेव्हा मी तो अलगद सोडून दिला. त्या दिवशी मी काहीही धरून ठेवलं नाही.