फिनेल घातलेलं खत

आमच्या इमारतीच्या अध्यक्षांनी खत करायची दोन दिवसांची कार्यशाळा केली आणि तिसऱ्या दिवशी ते खतमहर्षी झाले. मागच्या अंगणात निळा ड्रम आला. त्यावर त्यांचं नाव ठळक अक्षरांत आणि 'ओला कचरा' त्याच्या खाली, बारीक.

"वाळकी पानं यात टाकायची नाहीत," त्यांनी बजावलं. "उगाच कचऱ्यासारखी दिसतात. झाकण घट्ट लावायचं. हवा लागली की वास सुटतो."

म्हणजे कार्यशाळेत जे जे करू नका म्हणून सांगितलं असेल, तेवढंच नेमकं यांच्या लक्षात राहिलं होतं. नुसत्या साली, खरकटं आणि चहाचा चोथा आठवडाभर कोंडल्यावर जे व्हायचं तेच झालं. तिसऱ्या मजल्यापर्यंत खिडक्या बंद झाल्या. त्यावर महर्षींनी उपाय काढला. रोज सकाळी ड्रमात टोपणभर फिनेल, लिंबाच्या वासाचं!

"किडे मरतात. खत स्वच्छ होतं."

खत करतात ते किडेच. आचाऱ्याचा गळा दाबून पंगतीत पान मांडून बसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

शेवटी लोक चिडले. दोन महिन्यांत वास गेला नाही तर ड्रम काढायचा आणि अंगणावर सिमेंट ओतायचं, असं बैठकीत ठरलं. एका कोपऱ्यात चार हात माती उरलीय, तीही जाणार. माझी लेक दीड वर्षाची आहे. त्या मातीत उकिडवी बसून ती मुंग्यांशी बोलते, त्यांना रागावते, मग स्वतःच त्यांची समजूत काढते. फरशीवर ती कुणाशी बोलणार?

अंगण झाडायला येणाऱ्या मावशींना मी गाठलं. "मावशी, पानांची पोती फेकू नका. मला द्या."

"का गं, उशा भरतेस?"

"अध्यक्षांची अब्रू झाकायचीय."

"मग चार पोत्यांत नाही भागायचं, बाई."

लेक दुपारी पाऊण तास झोपते. तेवढाच वेळ माझा. प्लंबरकडून ड्रमाला भोकं पाडून घेतली. फिनेलनं माखलेला वरचा थर काढून टाकला. साली असतील त्याच्या दुप्पट वाळकी पानं आणि घमेलंभर जुनी माती घातली आणि काठीनं तळापासून ढवळलं. हाताचा वास साबणानंही जाईना. लेक मात्र उठल्यावर त्याच हाताला गाल लावून पडून राहायची.

राहता राहिलं फिनेल. ड्रमाशेजारी ठेवलेली ती बाटली मी रिकामी केली, धुतली आणि साध्या पाण्यानं भरली. फक्त टोपणाला अधूनमधून खरं फिनेल चोळलं. महर्षी रोज टोपण हुंगायचे, समाधानानं मान डोलवायचे आणि ड्रमाला पाणी पाजायचे. पाण्याचाही तोटा नव्हता, पानं कोरडी होती!

आठवड्यात वास गेला. दोन महिन्यांनी मुदत संपली तेव्हा सगळे ड्रमाभोवती जमले. आत काळं, भुसभुशीत, मुठीत दाबलं तर सुटं होणारं खत होतं. अध्यक्षांनी हातमोजे घालून मूठ उचलली आणि फोटो निघेपर्यंत तशीच धरून ठेवली.

"बघितलंत? फिनेलची कमाल! आता घरोघरी प्रत्येक कुंडीत टोपणभर घालायचं."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच थांबा म्हटलं. सिमेंट रद्द, कोपरा कायम मातीचा, असा ठराव लिहून झाला. सगळ्यांच्या सह्या झाल्या. शेवटची सही अध्यक्षांची, लफ्फेदार. पेनाला टोपण बसलं, तेव्हा मी तोंड उघडलं.

"काका, कुंड्यांत फिनेल नका घालायला सांगू. झाडं मरतील. त्या बाटलीत दोन महिने पाणी होतं. मीच भरलं होतं."

महर्षींनी मूठ नाकाशी नेली, दोनदा हुंगली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तरीच!" ते म्हणाले. "तरीच याला मातीचा वास येतोय."

मावशी खोकल्याचं निमित्त करून जिन्याकडे पळाल्या. अध्यक्ष ठरावाच्या कागदाकडे हात नेत होते, पण सचिवांनी तो आधीच घडी करून खिशात घातला होता. लेक कोपऱ्यात मांडी ठोकून बसली होती, कोपरापर्यंत काळी. मीही तिच्याशेजारी बसले.