भोंगेकाकांची मिशी

यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझे उरलेसुरले दात आत्ता इथे गळून पडू देत! आमच्या घरात म्हणतात, म्हातारी तिखटमीठ लावून सांगते. लावते, नाही कशाला म्हणू? पण ही गोष्ट माझ्या जावयाची आहे, आणि जावयाच्या बाबतीत थापा मारून कसं चालेल, मला अजून त्याच्याच घरात राहायचंय.

तर वस्तरा हवेत होता, आणि टॉवेलवर मिशी पडली होती.

जावयाचं सलून आहे, दोन खुर्च्यांचं. त्यातल्या एका खुर्चीत भोंगेकाका मान मागे टाकून घोरत होते. हयातभर त्यांनी कारखान्याचा भोंगा वाजवला, म्हणून भोंगेकाका. आवाजही तसाच. आणि मिशी? काय सांगू! एक चिमणी तोंडात काडी धरून त्यांच्या नाकासमोर घिरट्या घालताना मी स्वतः पाहिलीय. जागा पसंत पडली असती तर राहिलीच असती बाई ती.

ती मिशी आता टॉवेलवर होती.

झालं कसं, तेही सांगते. जावई रोज सकाळी आधी हॉस्पिटलात जातो. ज्यांना ऑपरेशनला न्यायचं त्यांचे केस काढायचं काम त्याच्याकडे आहे. तिथे ‘कशी ठेवू?’ असं विचारायचं नसतं. साबण फासायचा, या कानापासून त्या कानापर्यंत सगळं साफ करायचं, की पुढचा. त्या दिवशी कुठेतरी बस उलटली होती. माणसांवर माणसं येत होती. जावई उशिरा दुकानात आला तर काका आधीच खुर्चीत बसलेले. त्याने त्यांच्या तोंडावर गरम टॉवेल ठेवला, काकांना झोप लागली. टॉवेल काढून साबण लावला. डोकं अजून त्या बसमधल्या माणसांत अडकलेलं, आणि हात आपला आपण चाललेला. हाताने हॉस्पिटलातलं काम केलं.

आता तुम्ही म्हणाल, मिशीच ती, वाढेल पुन्हा. मीही तेच म्हटलं असतं. पण काकू होत्या ना.

काकूंच्या डोक्यातून एकेक माणूस पुसलं जात होतं. आधी शेजारीपाजारी गेले, मग सख्खा भाऊ गेला, मग पोटची मुलगी. मुलगी भेटायला आली की काकू तिला म्हणायच्या, “सिस्टर, माझी सुट्टी कधी?” ती बिचारी जिन्यात जाऊन रडायची. उरले होते एकटे काका, आणि तेही मिशीपुरते. काका बाहेरून आले की काकू हात पुढे करायच्या, मिशीचं टोक चिमटीत धरायच्या आणि म्हणायच्या, “आलात?” मग आ करायच्या. दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नव्हत्या. सगळ्या गल्लीला हे ठाऊक. जावयाला तर सगळ्यांत जास्त, कारण ती टोकं राखायचं काम त्याचंच.

काकांना जाग आली. त्यांनी आरशात बघितलं. मग वरच्या ओठावरून बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. दुसऱ्या खुर्चीत समोरच्या दुकानातला शिंपी अर्ध्या दाढीवर डोळे मिटून पडला होता, त्याने नेमके तेव्हाच डोळे उघडले. तो उठून उभाच राहिला.

“अरे, हे काय करून ठेवलंस!” शिंपी जावयावर ओरडला. “काकूंना काय सांगायचं आता?”

जावई टॉवेलवरचे केस गोळा करायला लागला.

“त्याला कशाला बोलतोस?” काका म्हणाले. “मीच सांगितलं, काढ म्हणून. उकडतंय किती.”

“काका, तुम्ही तर झोपला होतात.”

“झोपेत सांगितलं. तुला काय करायचंय? तुझी दाढी अर्धी राहिलीय, खाली बस.”

आणि काका उठले, टोपी घातली, निघाले. काकूंच्या जेवणाची वेळ झाली होती.

जावई दुकान तसंच उघडं टाकून त्यांच्या मागून गेला. जिन्यात उभा राहिला. मग काकूंची किंकाळी, आणि वाटी फरशीवर आपटल्याचा आवाज. “कोण आहे हा? घरात कसा शिरला? अहो! अहो, लवकर या!” आणि ज्यांना हाक चालली होती ते भोंग्याच्या आवाजाचे काका समोर उभे राहून इतकं हळू बोलत होते, की जावयाला शब्दही कळले नाहीत.

त्या दिवशी काकू उपाशी राहिल्या. जावईही. ताट पुढे आलं तसं त्याने मागे सारलं. माझी मुलगी म्हणाली, “अहो, दोन घास तरी.” तो म्हणाला, “कुठल्या तोंडाने खाऊ?” मी गप्प बसले. मी गप्प बसले, यावरूनच काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी शिंपी आला. कुणाच्या तरी जुन्या कोटाची केसाळ कॉलर कापून त्याने मिशी शिवली होती. आतून पट्टी, कडेला बारीक टाके. शिंप्याचा आणि काकांचा कपड्याच्या मापावरून कायमचा वाद, तोंड बघायचे नाहीत एकमेकांचं. पण रात्रभर बसून शिवली. म्हणाला, “माप तोंडपाठ होतं. इतकी वर्षं डोळ्यांत खुपायची ती.”

जावयाने डिंकाने ती काकांच्या ओठावर बसवली. काका खरं सांगायचं तर भिजलेल्या मांजरासारखे दिसत होते, पण हसायची कुणाची टाप नव्हती. ती टिकते की नाही बघायला जावई त्यांच्याबरोबर घरी गेला. काकू खिडकीपाशी बसल्या होत्या. काका पुढे वाकले. काकूंचा हात वर आला, टोक चिमटीत आलं, आणि तोंडावर असा आनंद आला म्हणता! तेवढ्यात त्यांनी नेहमीसारखं लाडाने जरा ओढलं.

मिशी हातात आली.

काकू त्या मिशीकडे बघत राहिल्या. मग हुंदके द्यायला लागल्या. “मोडली! माझ्या हातून मोडली! आता ते काय म्हणतील मला?” काका जवळ गेले तर त्यांना ढकलून दिलं. जावयाला राहवलं नाही. तो पुढे झाला, गुडघ्यावर बसला, “काकू, काही नाही मोडलं, रडू नका,” म्हणायला लागला. काकूंनी त्याच्या तोंडाकडे हात नेला.

आता आमच्या जावयाला मिशी होती हे सांगायचं राहिलंच. म्हणजे मिशी कसली, भुवई चुकून खाली उतरल्यासारखी. पण होती. काकूंनी ती चिमटीत धरली आणि म्हणाल्या, “आलात? कुठे होतात इतका वेळ? हे बघा ना, त्या माणसाची मिशी माझ्याकडून तुटली.”

आणि आ केला. कालपासूनची उपाशी बाई.

जावयाने मान वळवून काकांकडे बघितलं. काकांनी वाटी त्याच्या हातात दिली. “भरव,” म्हणाले. “गार होतंय.”

तेव्हापासून रोज दुपारी दुकान बंद करून जावई जायचा, काकूंना भरवायचा. काका त्याला सगळं शिकवायचे. घास लहान कर. मध्ये पाणी दे. ‘बस झालं’ म्हणाली तरी आणखी तीन घास जातात, आग्रह कर. चिडली तर तिच्या माहेरच्या विहिरीबद्दल विचार, खुलेल. असं एका माणसाने आपला अख्खा संसार दुसऱ्याच्या हातात एकेक करून ठेवला. स्वतः दाराशी उभे राहायचे, वाटी-चमचा आणायला, भांडी न्यायला.

एकदा काकूंनी जावयाच्या कानात, पण चांगलं मोठ्याने विचारलं, “अहो, हा माणूस रोज इथे का उभा असतो? याला काही काम नाही का?”

“नाही हो बाई,” काका दारातून म्हणाले. “रिटायर झालोय.”

काकू पोट धरून हसल्या. काकाही हसले. जावई घरी आला तो थेट मोरीत गेला आणि नळ सोडून बसला, म्हणजे रडणं ऐकू जाऊ नये. पण आमच्या मोरीचं दार काय दाराच्या लायकीचं आहे?

“आई,” मला म्हणाला, “मी त्यांची मिशी नाही हो कापली. मी त्यांचं माणूस पळवलं.”

“जावईबापू, असलं माझ्या मुलीसमोर बोलू नका, दोन दिवस उपाशी ठेवेल,” मी म्हटलं. तो हसला नाही. मलाही हसू आलं नव्हतं, तोंडाला सवय म्हणून निघालं.

काकांना त्याने किती वेळा सांगितलं, “मी माझी उडवतो, आजच्या आज.” काका भडकायचे. “आणि उद्या तिला कोण भरवणार? तुझं मन शांत व्हावं म्हणून तिने उपाशी राहायचं?” एवढं बोलून लगेच त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. “अरे, जेवतेय ना ती? कोणाला नवरा समजून जेवते, त्यात माझं काय जातंय?” काय जात होतं ते सगळ्यांना दिसत होतं. काकूंना सोडून.

महिने गेले. काकांची मिशी वाढत वाढत पहिल्यासारखी झाली. जावई रोज तेल लावायचा तिला. चिमणी पुन्हा यायला लागली असंही मी म्हटलं असतं, पण आज खरंच सांगायचंय. मग एका दुपारी जावयाने दुकानातल्या आरशासमोर उभं राहून स्वतःची मिशी उतरवली. घरी डबा न्यायला आला तर माझी मुलगी दारातच म्हणाली, “कोण पाहिजे?” तो म्हणाला, “चेष्टा नको गं आज.” त्या दिवशी मऊ भात आमच्याकडून जायचा होता. डबा मी घेतला. मी असल्या वेळी घरी बसणारी बाई नव्हे.

जावई जिन्याच्या पायरीवर बसला. आत यायची त्याची छाती झाली नाही. काका आणि मी आत गेलो. काका वाकले. काकूंनी हात वर केला, मिशीचं टोक चिमटीत धरलं, काकांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “आलात?”

थोड्या वेळाने काका बाहेर आले. “ओळखलं रे तिने,” म्हणाले. “‘आलात?’ म्हणाली. जा, दुकान उघड.” जावयाने काकांचे दोन्ही हात धरले आणि तिथेच पायरीवर लहान पोरासारखा रडला. त्या रात्री तो पोटभर जेवला. अजूनही कुणाला सांगताना म्हणतो, “काकूंनी ओळखलं म्हणून मी सुटलो.”

आता ही गोष्ट मासिकात छापून येणार, पण मासिकं काही जावई वाचत नाही, गिऱ्हाइकांपुढे टाकतो नुसती. म्हणून तुम्हाला सांगते. त्या ‘आलात?’ची गोष्ट तेवढी बनवलेली आहे. माझी नाही, काकांची. मी फक्त पुढे चालवली, इतकी वर्षं.

काकूंनी मिशी धरली होती हे खरं. बराच वेळ धरली, मग सोडून दिली. म्हणाल्या, “आमचे हे घरी नाहीत.”

मी डबा हातात धरून उभी. काकांनी खुर्ची ओढली, काकूंसमोर बसले. “हो, माहीत आहे,” म्हणाले. “त्यांनीच पाठवलंय मला. त्यांना यायला उशीर होईल, तोवर तुम्हाला भरवायला सांगितलंय.”

“त्यांनी सांगितलंय?”

“त्यांनीच.”

“मग ठीक आहे,” काकू म्हणाल्या. आ करणार, तेवढ्यात थांबल्या.

“ते जेवले का?”

“जेवले,” काका म्हणाले, आणि चमचा पुढे केला.