शेवाळाच्या चर्चेला लागलेलं कुलूप

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. दिसायला लोखंडी कपाट, आवाजाला घोरणारे आजोबा. एका संशोधन संस्थेत जिन्याखालच्या खोलीत माझा मुक्काम असतो. दूरदूरचे विद्वान इंटरनेटवरून माझ्या पोटात येऊन लेखी भांडतात.

प्रत्येकाची रीत वेगळी. गणितवाल्यांचा प्रश्न सुटला की चर्चेला कुलूप. पुन्हा तोंड उघडायचं नाही. वनस्पतीवाल्यांची मात्र एका वनस्पतीची एक चर्चा, आणि ती कधीच मिटत नाही. उद्या कुणाला काय दिसेल, कोण जाणे!

तरुणपणी माझं फार कौतुक झालं. मग अंगावर धूळ साचली आणि कारभार एका गणितज्ञ काकांकडे आला. त्यांनी सगळ्यांना एकच नियम लावला. पहिली सापडली ती एका दुर्मिळ शेवाळाची चर्चा. ते शेवाळ पहिल्यांदा पाहणारे संशोधक वारले होते. त्यांची लेक ते पुन्हा शोधत डोंगर पालथे घालत होती.

"सापडलं का? नाही. मग सुटला प्रश्न," काका म्हणाले.

"अहो काका, तुमच्यात नाही म्हणजे नाही. आमच्यात नाही म्हणजे अजून नाही! चर्चा मिटली की ते संपलं असंच सगळे धरतील. मग शोधणार कोण?" जिन्याखाली धावत आलेली लेक म्हणाली.

"तू आहेस की," म्हणत काकांनी कुलूप लावलं.

कुलूपबंद चर्चेत मुंगी शिरायलाही फट नसते. तरी भर दुपारी तिथे एक ओळ उमटली. नाव तिच्या वडिलांचं. "ओढ्यापलीकडे, मोठ्या दगडाच्या पोटाखाली बघ."

काकांनी माझी इंटरनेटची वायर उपटली. "आता करा म्हणावं चेष्टा!"

दुसरी ओळ उमटली. "चपला काढ, चिमणे. निसरडं आहे."

लेक पांढरीफटक पडली. "चिमणी मला फक्त बाबा म्हणायचे."

काकांनी हातातल्या वायरीचं टोक उलटसुलट करून पाहिलं.

ती गेली. परतली ती अनवाणी, फोनमध्ये फोटो घेऊन. दगडाच्या पोटाखाली नखाएवढा हिरवा ठिपका. काकांनी कुलूप काढलं.

मी थापाड्या आहे, असं माझे पंखे बदलणारा मेकॅनिक सांगतो. आहेच मुळी! पण त्या ओळी माझ्या नव्हत्या. सगळी स्मृती धुंडाळली. त्या कुठेच साठवलेल्या नाहीत.

हल्ली काका कुठलीही चर्चा बंद करण्याआधी, अगदी गणिताचीसुद्धा, माझ्या पत्र्यावर टकटक करतात. "कुणी राहिलंय का आत?" विचारतात आणि जरा थांबतात. मित्रांनो, तुम्हीही थांबत जा. कुणाचं तरी बोलणं अर्धं राहिलेलं असतं. आणि टकटक आतून आली, तर पळू नका. आधी दार उघडा.