पांढरीची शिवण

माणसाने विचार तरी किती करावा, याला काही सुमार? तीन महिने लेकाने दोन गाड्यांचा नुसता काथ्याकूट चालवला होता, आणि आज शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर काळी आणि पांढरी यांच्या बरोबर मधोमध तो कमरेवर हात ठेवून पुन्हा उभा राहिला होता. काळीकडे एक पाऊल टाकी, थांबे, मान तिरकी करी आणि पांढरीकडे वळे.

त्याच्या आई, थोरल्या बाई, कडेच्या कोचावर बसून हे बघत होत्या. कारखान्यात त्यांना सगळे थोरल्या बाईच म्हणत. कोच बरा होता. आत फोम चांगला, पण वरचं कापड नको तेवढं ताणलेलं. सहा महिन्यांत कोपरे सुटणार. त्यांनी पर्समधली डबी उघडून पेपरमिंटची दुसरी गोळी तोंडात टाकली.

डबी सुनेने दिली होती, निघताना, उंबऱ्यात उभं राहून.

"आई, तोंडात गोळी असेपर्यंत बोलायचं नाही. आज ह्यांना ठरवू द्या."

"आणि गोळी विरघळली की?"

"दुसरी टाकायची. डबी भरलेली आहे."

सून दिसायला गरीब, पण नेम अचूक. पुढे म्हणाली, "तुम्ही काळी म्हणालात तर हे 'बरं' म्हणतील. पांढरी म्हणालात तरी 'बरं'च म्हणतील. पहिल्या तारखेपासून कारखाना ह्यांच्या हातात जायचाय, आई."

ते शेवटचं वाक्य बाईंच्या जिव्हारी लागलं होतं. शिक्षणाच्या नावाने त्यांची तिसरीतच बोंब झाली होती. पण एका शिलाई मशीनवरून त्यांनी सव्वीस माणसांचा गाद्या-कुशनांचा कारखाना उभा केला होता. बसच्या सीटा, दवाखान्याच्या गाद्या, नाटकगृहाच्या खुर्च्या. फोमवर अंगठा दाबला की तो किती वर्षं टिकेल ते त्या सांगत, आणि सांगितलेलं चुकत नसे. आता त्या उजव्या अंगठ्याची जाणीवच गेली होती. डॉक्टर म्हणाले, पुरे झालं. आणि ज्याला दोन गाड्यांतली एक निवडता येत नाही, तो सव्वीस माणसांना काय सांगणार होता?

शाळेच्या दप्तरापासून लग्नाच्या कोटापर्यंत त्याचं सगळं आपणच निवडलं, हेही त्यांना ठाऊक होतं. पण ते त्यांनी अजून कोणाजवळ कबूल केलं नव्हतं.

घरी फ्रिजच्या दारावर कागद चिकटवलेला होता. एका बाजूला काळी, दुसऱ्या बाजूला पांढरी, मध्ये रेघ. शून्यापासून शंभरचा वेग गाठायला काळीला चार सेकंद, पांढरीला चार सेकंद आणि वर एक दशांश. त्या एका दशांशावर लेक आठवडाभर झोपला नव्हता. त्याने न्हाव्याला विचारलं, नळ दुरुस्त करायला आलेल्याला विचारलं. दातांच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा याचाच जबडा उघडा होता, त्यामुळे प्रश्न कोणता ते त्यांना कळलं नाही. त्यांनी दाढ काढून टाकली.

आणि एवढं करून स्वतः गाडी चालवणार चाळीसने. स्वतःच्या अंगणात वळतानासुद्धा इंडिकेटर देणारा माणूस. मागे एकदा सायकलवरच्या एका आजोबांनी त्याला मागे टाकलं होतं आणि वर हात हलवून धीरही दिला होता.

"आई, येतेस ना? काळीपासून सुरुवात करू," लेक म्हणाला.

शोरूमचे सेल्समन पुढे त्याच्या शेजारी बसले. पन्नाशीचे, टक्कल पडलेले गृहस्थ; तीन महिन्यांपूर्वी त्यांना जास्त केस होते असं लेकच म्हणाला होता. बाई मागे बसल्या. बसल्या बसल्या डाव्या अंगठ्याने सीट दाबली. अंगठा आत गेला आणि हळूच वर आला, जसा यायला हवा तसा. शिवणीवरून नख फिरवलं. टाके सारखे, दोरा दुहेरी, कोपऱ्यात गाठ आत वळवलेली. कोणीतरी मन लावून केलेलं काम. काळीच, त्यांनी मनात म्हटलं आणि गोळी गालात सरकवली.

लेकाने रस्त्यावर गाडी काढली, चाळीसने. मोकळा रस्ता लागला तशी पंचेचाळीस.

"साहेब, जरा दाबून बघा की," सेल्समन म्हणाले. "ही पळायला केलेली गाडी आहे."

"बघतो," लेक म्हणाला, आणि ब्रेक दाबून बघितला. मग पुन्हा. मग कचऱ्याच्या डब्याजवळ, मग शाळेच्या फाटकाजवळ. पळायला केलेली ती गाडी अख्ख्या रस्त्याने थांबत थांबत गेली. सेल्समन समोरच्या काचेतून ढगांकडे बघत राहिले.

मग पांढरी. बाईंनी सीट दाबली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. फोम पोकळ. शिवणीत नख घातलं तर पार आतपर्यंत गेलं. एकेरी दोरा, टाके लांब लांब, घाईचं काम. वर्षभरात बसणाऱ्याचा खड्डा पडणार, दीड वर्षात शिवण तोंड उघडणार. एवढ्या पैशात हे? जीभ टाळूला नुसती धडका देत होती. त्यांनी एकदम दोन गोळ्या टाकल्या.

पुन्हा तेच. चाळीस, ब्रेक, चाळीस, ब्रेक. एका वळणावर मांजर आडवं आलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. मांजराने वळूनही बघितलं नाही.

शोरूममध्ये परत आल्यावर सेल्समननी दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि खुर्चीत मागे टेकले. पुढचं त्यांना पाठ होतं: साहेब आता 'घरी जाऊन विचार करतो' म्हणतील. लेकाने आईकडे बघितलं. तीच नजर, दप्तराच्या दुकानातली. बाईंच्या ओठांवर 'काळी' हा शब्द येऊन उभा होता. त्यांनी डबी उघडली. डबी रिकामी होती.

त्यांनी ती मिटली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला सुरुवात केली. सेकंदकाटा फिरत होता. चार झाले, पाच झाले, वीस झाले.

"पांढरी," लेक म्हणाला.

सेल्समन पुढे झुकले. "नक्की?"

"नक्की. फॉर्म काढा."

ते फॉर्म आणायला इतक्या झपाट्याने आत गेले की शून्य ते शंभर तिथेच झालं असावं.

आता गोळी नव्हती आणि ठरवूनही झालं होतं. बाईंनी पदर सावरला. "पांढरी का?"

"काळीचा ब्रेक दाबला की ती आधी जरा विचार करते, मग थांबते." लेक किल्लीशी खेळत होता. "गाडीत विचार करणारा एक असला की बास झालं, आई."

बाईंनी डोळे बारीक केले. "आणि सीट?"

"मागच्या सीटचा फोम पोकळ आहे. शिवण एकेरी आहे. तू नख घातलंस तेव्हा मी आरशात बघत होतो. पण मला त्याआधीच कळलं होतं, तू कोचावर डबी उघडत होतीस तेव्हा दाबून बघितलं." त्याने आपला उजवा अंगठा वर केला आणि संकोचून लगेच मिटला. "सीट आपल्या कारखान्यात उसवून नवी करता येईल. ब्रेक काही आपल्याला शिवता येत नाही."

बाईंनी त्याचा हात ओढून घेतला, मूठ उघडली आणि अंगठा उजेडाकडे वळवला. अंगठ्याच्या टोकाला घट्टा होता. त्यांच्या स्वतःच्या अंगठ्यावर होता तसाच, तिथेच, जरा कोवळा. हा हिशेबाच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसतो, असंच त्यांना आठ वर्षं वाटत आलं होतं.

सेल्समन फॉर्म घेऊन आले आणि मायलेकांना तसं बघून दोन पावलं मागेच थांबले.

बाईंनी त्याचा हात सोडला आणि त्याच्यासमोर टेबलावरचं पेन सरकवलं.

"एवढं एक वाक्य बोलायला तीन महिने लावलेस," त्या म्हणाल्या. "पहिल्या तारखेपासून कारखान्यात जरा लवकर बोलत जा."